छेद वेगळे असले की अपूर्णांकांची बेरीज कशी करायची, आणि तशीच का

पुण्यात पाचवी-सहावीतल्या मुलांचा गृहपाठ घेणाऱ्या आईवडिलांना, गणितात मूल पहिल्यांदा नेमके कुठे अडले असे विचारले, तर बहुतेकांकडून एकच उत्तर मिळते: छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची बेरीज. तोपर्यंत हातच्याच्या बेरजा, पाढे, मोठाले भागाकार हे सगळे बरे चाललेले असते. मग वहीत १/२ + १/३ असे उदाहरण येते आणि मूल अगदी विश्वासाने २/५ असे उत्तर लिहून मोकळे होते. वरच्या संख्यांची बेरीज वर, खालच्या संख्यांची बेरीज खाली. त्याच्या दृष्टीने यात चुकीचे काहीच नसते. मोठी माणसे ते उत्तर खोडतात, "आधी छेद सारखे कर, लसावि काढ" असे सांगतात आणि मूल ती कृती पाठ करते. परीक्षा होते, सुट्टी लागते, आणि पुढच्या इयत्तेत तसेच उदाहरण समोर आले की पुन्हा २/५ हजर होते. त्यात मुलाच्या स्मरणशक्तीचा दोष फारसा नसतो. छेद सारखे का करायचे हे त्याला कोणी दाखवलेलेच नसते, आणि जिच्यामागचे कारण माहीत नाही ती कृती फार दिवस डोक्यात टिकत नाही. म्हणून या लेखात रीत सांगितली आहेच, पण अधिक जागा कारणाला दिली आहे.

सुरुवात त्या २/५ पासूनच करू. हे उत्तर चूक आहे हे मुलाला सांगण्याऐवजी त्याला स्वतःला पटवता येते. १/२ म्हणजे अर्धा. अर्ध्यामध्ये काहीतरी मिळवले, तर उत्तर अर्ध्यापेक्षा मोठे यायला हवे. आता २/५ पाहा. पाचाचे अर्धे अडीच, म्हणजे २/५ हा अर्ध्याहूनही लहान आहे. अर्ध्यात एक तृतीयांश घातल्यावर मूळचा अर्धासुद्धा कमी झाला, असे कसे होईल? १/२ + १/२ याच पद्धतीने केले तर गोष्ट आणखी उघड होते, कारण उत्तर २/४ येते, म्हणजे पुन्हा अर्धाच. दोन अर्धे मिळून एक पूर्ण होतो हे पहिलीतल्या मुलालाही माहीत असते. एवढे पाहिल्यावर मूल स्वतःच "मग बरोबर काय?" असे विचारते, आणि त्यानंतरच पुढचे सांगण्यात अर्थ असतो.

अपूर्णांकात वरची आणि खालची संख्या वेगवेगळी कामे करतात. खालची संख्या, म्हणजे छेद, एका पूर्णाचे किती समान भाग केले ते सांगते, आणि त्यावरून प्रत्येक भाग केवढा आहे हे ठरते. वरची संख्या, म्हणजे अंश, तसे किती भाग घेतले ते मोजते. ३/८ याचा अर्थ असा, की आठव्या हिश्श्याच्या आकाराचे भाग घ्यायचे आणि तसे ३ घ्यायचे. म्हणूनच ३/८ + २/८ करताना फक्त ३ आणि २ यांची बेरीज होते. तीन अष्टमांश आणि दोन अष्टमांश मिळून पाच अष्टमांश झाले. भाग मोजून वाढले, त्यांचा आकार मात्र होता तसाच राहिला, म्हणून छेद ८ चा ८ राहतो. समच्छेद अपूर्णांकांची बेरीज शिकवताना "छेद तसाच लिहायचा" एवढेच सांगून पुढे जाण्याची सवय आहे, पण पुढच्या धड्याचे सगळे मर्म या एका जागी आहे. छेद हा बेरजेत भाग घेत नाही, कारण तो मोजला जात नाही. तो मोजण्याचे एकक आहे.

एकक वेगवेगळे असेल तर आपण रोजच्या व्यवहारातही थेट बेरीज करत नाही. २ तास आणि २० मिनिटे यांची बेरीज कोणी २२ म्हणत नाही, कारण ते २२ तासही नाहीत आणि २२ मिनिटेही नाहीत. तासांची मिनिटे केली की १२० आणि २० मिळून १४० मिनिटे होतात. १/२ आणि १/३ यांच्यातही हीच अडचण आहे. एक भाग अर्ध्याच्या आकाराचा, दुसरा तिसऱ्या हिश्श्याच्या आकाराचा. दोन्ही मिळून "दोन" झाले हे खरे, पण दोन काय झाले ते सांगता येत नाही. दोघांनाही नेमके मोजू शकेल असा एखादा लहान भाग सापडला, तरच बेरीज होऊ शकते.

तो भाग शोधण्यासाठी कागद आणि कात्री घेऊन बसावे, असा माझा आग्रह आहे. अप्पा बळवंत चौकातल्या कोणत्याही दुकानात चौकटीची वही मिळते. तिच्यातून एका ओळीत १२ चौकटी असलेली पट्टी कापावी आणि ती संपूर्ण पट्टी म्हणजे "एक" असे मुलाशी ठरवून घ्यावे. पट्टीचा अर्धा भाग रंगवायला सांगितला, की मूल सहा चौकटी मोजून रंगवते. तशाच दुसऱ्या पट्टीचा तिसरा हिस्सा दुसऱ्या रंगाने रंगवायला सांगावा. त्यासाठी १२ चे तीन समान भाग करावे लागतात आणि चार चौकटी रंगतात. आता दोन्ही रंगवलेले तुकडे कापून तिसऱ्या, कोऱ्या पट्टीवर एकापुढे एक ठेवावेत. १२ पैकी १० चौकटी झाकल्या जातात आणि दोन उघड्या राहतात. म्हणजे उत्तर १०/१२ आहे. दोन-दोन चौकटींचा एक गट धरला तर पट्टीत सहा गट होतात आणि त्यांतले पाच झाकलेले दिसतात, म्हणून हेच उत्तर ५/६ असेही लिहिता येते. यात कुठेही नियम वापरलेला नाही, फक्त मोजले आहे.

यानंतर त्याच मुलाला १० चौकटींची पट्टी द्यावी आणि तेच करायला सांगावे. अर्धा भाग पाच चौकटींचा, तो सहज रंगतो. तिसरा हिस्सा मात्र तीन चौकटी आणि वर एका चौकटीचा तुकडा असा निघतो, आणि रेघ चौकटीच्या मधून जाते. मूल थांबते आणि "ही पट्टी चालणार नाही" असे म्हणते. मग कोणत्या लांबीची चालेल? ६ चौकटींची चालते, १८ ची चालते, २४ ची चालते. ८ ची किंवा ९ ची चालत नाही. ज्या संख्येला २ ने आणि ३ ने, दोन्हींनी पूर्ण भाग जातो, त्याच लांबीची पट्टी उपयोगी पडते, हे मूल दहा मिनिटांत स्वतःच्या तोंडाने सांगते. सामाईक विभाज्य ही कल्पना त्याला इथे गरज म्हणून भेटलेली असते. त्यातला सर्वांत लहान, म्हणजे ६, हा लसावि. पाठ्यपुस्तकात लसाविचा धडा स्वतंत्र येतो आणि तो कशासाठी शिकायचा हे पुष्कळ मुलांना कळत नाही. त्याचा पहिला खरा उपयोग हा आहे.

पट्टीवर जे केले ते लिहिण्याची रीत अशी. १/२ मधल्या अंशाला आणि छेदाला ३ ने गुणले की ३/६ मिळतात. १/३ मधल्या अंशाला आणि छेदाला २ ने गुणले की २/६ मिळतात. दोहोंची बेरीज ५/६. इथे एक प्रश्न जिज्ञासू मूल हमखास विचारते: गुणाकार केला तर अपूर्णांक मोठा झाला ना? त्याला पुन्हा पट्टी दाखवावी. रंगवलेला अर्धा भाग तसाच ठेवून त्याचे तीन तुकडे केले, आणि न रंगवलेल्या अर्ध्याचेही तीन तुकडे केले, तर एकूण तुकडे सहा आणि रंगवलेले तीन होतात. तुकडे तिप्पट झाले, पण प्रत्येक तुकडा पूर्वीच्या एक तृतीयांश एवढा झाला. रंगवलेली जागा एक सूतभरही हललेली नाही. म्हणून १/२ आणि ३/६ हे सममूल्य अपूर्णांक आहेत: किंमत एक, लिहिण्याची रूपे दोन. बेरजेआधी आपण फक्त सोयीचे रूप निवडतो, संख्या बदलत नाही.

मंडईत पाव किलो आणि अर्धा किलो मिळून पाऊण किलो होतो, हे भाजी आणायला सोबत येणाऱ्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. तरीही तेच मूल वहीत अडते. याचे कारण असे, की बाजारातल्या मापांत एक छेद बहुधा दुसऱ्यात बसलेला असतो. चतुर्थांशात अर्धा मोजता येतो, कारण दोन पाव म्हणजे अर्धा. इथे एकाच अपूर्णांकाचे रूप बदलावे लागते आणि तेही मनातल्या मनात होऊन जाते. १/३ आणि १/४ यांच्यात ही सोय नाही. तिसऱ्या हिश्श्याने चौथा हिस्सा मोजता येत नाही आणि उलटही येत नाही, त्यामुळे दोघांनाही आपापले रूप सोडून तिसऱ्याच छेदाकडे, बाराकडे, जावे लागते: ४/१२ + ३/१२ = ७/१२. शिकवताना हा क्रम पाळला तर फार त्रास वाचतो. आधी १/२ + १/४ किंवा २/३ + १/६ यांसारखी, जिथे मोठा छेद हाच सामाईक छेद असतो अशी उदाहरणे द्यावीत; मग १/३ + १/४ यांसारखी; आणि ५/१२ + ७/१८ यांसारखी शेवटी.

आता त्या चुकीच्या पद्धतीकडे पुन्हा एकदा वळणे आवश्यक आहे, कारण ती मुलाच्या डोक्यात कुठून येते हे कळल्याशिवाय ती जात नाही. मूल ती पद्धत शाळेतच रोज पाहत असते. लेखी परीक्षेत २० पैकी १८ आणि तोंडी परीक्षेत १० पैकी ७ गुण मिळाले, तर प्रगतिपुस्तकात ३० पैकी २५ असे लिहिलेले असते. तिथे १८/२० आणि ७/१० यांच्यावरून २५/३० होतात, आणि ते अगदी बरोबरही असते. मग गणिताच्या तासाला तेच चूक कसे? हा प्रश्न हुशार मुलाचा आहे आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. गुणांच्या नोंदीत "पूर्ण" बदलत असतो: आधी २० गुणांची परीक्षा, मग १० गुणांची, आणि शेवटी दोन्ही मिळून ३० गुणांची. तिथे आपण दोन गट एकत्र करून त्या मोठ्या गटात किती मिळाले ते विचारतो. अपूर्णांकांच्या बेरजेत "पूर्ण" एकच आणि ठरलेला असतो. एकाच लांबीच्या पट्टीचे १८/२० आणि ७/१० घेतले, तर १८/२० + १४/२० = ३२/२०, म्हणजे पूर्ण एक पट्टी भरून वर ३/५ उरतात. दोन्ही प्रश्न वेगळे आहेत, म्हणून उत्तरेही वेगळी आहेत.

या वर-वर, खाली-खाली मिळवण्याच्या कृतीचा एक गुण पाहण्यासारखा आहे. अंश-अंश आणि छेद-छेद मिळवून जो अपूर्णांक येतो, तो मूळच्या दोन असमान अपूर्णांकांच्या नेहमी मध्ये पडतो. ७/१० म्हणजे ७० टक्के, १८/२० म्हणजे ९० टक्के, आणि २५/३० म्हणजे सुमारे ८३ टक्के, दोहोंच्या मध्ये. १/२ आणि १/३ यांच्यापासून तयार झालेला २/५ हाही त्यांच्या मध्येच आहे. ही एक प्रकारची सरासरी आहे, आणि दोन धन संख्यांची बेरीज त्या दोहोंच्या मध्ये कधीच पडू शकत नाही, ती दोहोंपेक्षा मोठी असावीच लागते. दुसरे असे, की या कृतीचे उत्तर अपूर्णांक कोणत्या रूपात लिहिला आहे यावर बदलते. १/२ आणि १/३ घेतले तर २/५ येतात. पण त्याच अर्ध्याला २/४ असे लिहून १/३ सोबत घेतले तर ३/७ येतात. संख्या त्याच, उत्तरे दोन! बेरीज अशी असू शकत नाही.

हा गोंधळ केवळ आपल्याकडच्या मुलांचा आहे असे समजू नये. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय शैक्षणिक चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ या बेरजेचा केवळ अंदाज विचारला होता आणि १, २, १९, २१ असे पर्याय दिले होते. दोन्ही अपूर्णांक एकाच्या अगदी जवळ आहेत, म्हणून उत्तर सुमारे २. ते निवडणारी मुले २४ टक्केच निघाली. निम्म्याहून अधिक मुलांनी १९ किंवा २१ निवडले, म्हणजे फक्त अंशांची किंवा फक्त छेदांची बेरीज केली. अपूर्णांक ही एकच संख्या आहे आणि तिला संख्यारेषेवर एक ठरावीक जागा आहे, हे ज्याच्या मनात ठसलेले नाही, त्याला १९ हे उत्तर विचित्र वाटत नाही. म्हणून बेरजेला हात घालण्यापूर्वी "उत्तर एकापेक्षा मोठे येईल की लहान?" एवढा प्रश्न प्रत्येक उदाहरणाला विचारण्याची सवय लावावी. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही.

सामाईक छेद कोणता घ्यावा, याबद्दल उगाच फार कडक शिस्त लावली जाते असे मला वाटते. कोणताही सामाईक विभाज्य चालतो. दोन छेदांचा गुणाकार हा तर नेहमीच सामाईक विभाज्य असतो, म्हणून तो कधीही हाताशी आहे. ५/१२ + ७/१८ घ्या. १२ × १८ = २१६. पहिल्याला १८ ने आणि दुसऱ्याला १२ ने गुणले, की ९०/२१६ + ८४/२१६ = १७४/२१६ होतात, आणि अंश व छेद दोहोंना ६ ने भागले की २९/३६ मिळतात. लसावि ३६ घेतला असता तर १५/३६ + १४/३६ = २९/३६ असे थेट उत्तर आले असते. दोन्ही वाटा बरोबर आहेत. लसाविने संख्या लहान राहतात आणि शेवटचे संक्षेप करणे सहसा वाचते, एवढाच त्याचा फायदा आहे, आणि तो फायदा छोटा नाही. पण लसावि न घेतल्याबद्दल बरोबर उत्तराचे गुण कापणे मला अन्यायाचे वाटते.

या दोन्ही वाटा आपल्या परंपरेत फार पूर्वीच नोंदवलेल्या आहेत. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'मध्ये अपूर्णांकांच्या प्रकरणाची सुरुवातच समच्छेद करण्याच्या रीतीने होते. श्लोकाच्या पहिल्या अर्ध्यात, एका राशीच्या अंशाला आणि छेदाला दुसरीच्या छेदाने गुणावे, असे सांगितले आहे. दुसऱ्या अर्ध्यात, दोन्ही छेद आधी सामाईक विभाजकाने भागून लहान करून घ्यावेत आणि मग त्या लहान संख्यांनी परस्परांना गुणावे, अशी सुधारणा दिली आहे, आणि हे काम बुद्धिमानाचे असेही म्हटले आहे. पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेने १९३७ मध्ये हा ग्रंथ गणेश दैवज्ञांच्या 'बुद्धिविलासिनी' आणि महीधरांच्या 'विवरण' या दोन टीकांसह प्रसिद्ध केला.

ती दुसरी रीत आजही सर्वांत सुटसुटीत आहे. १२ आणि १८ यांचा मसावि, म्हणजे सर्वांत मोठा सामाईक विभाजक, ६. छेद ६ ने भागले की २ आणि ३ उरतात. आता अदलाबदल करायची: ५/१२ ला ३ ने गुणायचे आणि ७/१८ ला २ ने. लगेच १५/३६ आणि १४/३६ तयार. लसावि वेगळा काढून, मग त्याला प्रत्येक छेदाने भागून, मग अंशाला गुणण्याची जी तीन पायऱ्यांची कसरत मुले करतात, तिच्यातल्या दोन पायऱ्या इथे आपोआप मिटतात.

लसाविने बेरीज केली तरी कधीकधी उत्तर अतिसंक्षिप्त, म्हणजे आणखी लहान करता न येणारे, नसते. १/६ + ३/१० = ५/३० + ९/३० = १४/३०, म्हणजे ७/१५. मुले विचारतात, की संक्षेप होणार हे आधी कसे ओळखायचे? यालाही नेमके उत्तर आहे. मूळचे दोन्ही अपूर्णांक अतिसंक्षिप्त असतील, तर लसावि घेऊन आलेल्या उत्तरात जो सामाईक विभाजक उरू शकतो, तो छेदांच्या मसाविचाच विभाजक असतो. ६ आणि १० यांचा मसावि २ आहे, म्हणून तपासायचे असेल तर फक्त २ ने भाग जातो का एवढेच तपासावे. ३ किंवा ५ तपासण्यात वेळ वाया घालवायची गरज नाही. आणि दोन छेदांत १ सोडून सामाईक विभाजकच नसेल, जसे ८ आणि १५, तर लसाविने आलेले उत्तर आपोआप अतिसंक्षिप्तच असते. शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी, कारण तिथे वेळ मोजका असतो.

तीन अपूर्णांक असले तरी तत्त्व तेच राहते. १/६ + ३/८ + ५/१२ साठी २४ हा लसावि: ४/२४ + ९/२४ + १०/२४ = २३/२४. इथे त्या तिरक्या गुणाकाराच्या युक्तीची (प्रत्येक अंशाला दुसऱ्याच्या छेदाने गुणून ते गुणाकार वर मिळवायचे, खाली छेदांचा गुणाकार लिहायचा) मर्यादा दिसते, जी अनेक शिकवणी वर्गांत फुलपाखराचे चित्र काढून शिकवतात. दोन अपूर्णांकांसाठी ती युक्ती बरोबर उत्तर देते, कारण ती म्हणजे छेदांच्या गुणाकाराने समच्छेद करणेच आहे, फक्त मधल्या ओळी लपवलेल्या आहेत. तिसरा अपूर्णांक आला की चित्र मोडते आणि ज्याच्याकडे फक्त चित्रच आहे तो थांबतो. युक्ती शिकवू नये असे मी म्हणणार नाही, पण ती समच्छेदाच्या चार-पाच दिवसांच्या सरावानंतर आणि त्याच ओळींचा जवळचा रस्ता म्हणून दाखवावी.

पूर्णांकयुक्त अपूर्णांकांत पूर्ण भाग वेगळे आणि अपूर्ण भाग वेगळे मिळवणे सोपे जाते. २ पूर्णांक ३/४ आणि १ पूर्णांक ५/६ यांत २ + १ = ३, आणि ९/१२ + १०/१२ = १९/१२, म्हणजे १ पूर्णांक ७/१२; एकूण ४ पूर्णांक ७/१२. याचा ताळा तासांत करून पाहावा: पावणेतीन तास आणि एक तास पन्नास मिनिटे मिळून चार तास पस्तीस मिनिटे, आणि पस्तीस मिनिटे म्हणजे तासाचे ७/१२. वजाबाकीतही समच्छेद करायचा तो तसाच, वेगळे काही नाही.

सामाईक छेद ही गोष्ट केवळ वहीपुरती नाही, हे मुळशी किंवा जुन्नरकडे ज्यांची शेती आहे अशा घरांतल्या मुलांना जमिनीच्या हिशेबातून लगेच दाखवता येते. एक एकर म्हणजे ४० गुंठे. एका भावाकडून ३/८ एकर आणि दुसऱ्याकडून २/५ एकर जमीन कसायला घेतली, तर एकूण किती? घरातले आजोबा कागद न घेता सांगतात: पंधरा गुंठे आणि सोळा गुंठे, म्हणजे एकतीस गुंठे. त्यांनी ८ आणि ५ यांचा लसावि ४० काढलेला नाही, पण १५/४० + १६/४० = ३१/४० हीच बेरीज केली आहे. गुंठा हा तिथे आधीपासून तयार असलेला सामाईक छेद आहे. जुन्या चलनातही अशीच सोय होती. रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. त्यामुळे रुपयाचा तिसरा हिस्सा नेमका ५ आणे ४ पै आणि चौथा हिस्सा ४ आणे निघे, आणि दोन्ही मिळून ९ आणे ४ पै, म्हणजे ७/१२ रुपया, असा हिशेब काहीही न उरता पूर्ण होई. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० पैसे झाले, तेव्हा पाचवा हिस्सा सोपा झाला आणि तिसरा अवघड, कारण १०० ला ३ ने पूर्ण भाग जात नाही. कोणत्या मापात कोणते अपूर्णांक सहज मिळवता येतील, हे त्या मापाच्या संख्येला कशाकशाने भाग जातो यावरच ठरते. तासाची ६० मिनिटे इतकी सोयीची वाटतात तीही याचमुळे: ६० ला २, ३, ४, ५ आणि ६, सगळ्यांनी भाग जातो.

बेरीज नीट समजली की काही मुले पुढे गुणाकारातही छेद सारखे करू लागतात. ते चूक नाही, पण व्यर्थ आहे. १/२ × १/३ म्हणजे एक तृतीयांशाचा अर्धा. इथे भाग मोजायचे नसतात, भागाचाच आणखी भाग करायचा असतो. तिसऱ्या हिश्श्याचे दोन तुकडे केले की सहावा हिस्सा मिळतो. एककच बदलून नवे तयार होते, त्यामुळे ते आधी सारखे असण्याची गरज पडत नाही.

हे सगळे पाचवी-सहावीत पक्के झाले नाही, तर त्याची किंमत नववी-दहावीत मोजावी लागते. विज्ञानात विद्युतधारेच्या प्रकरणात समांतर जोडणीतल्या रोधांचा परिणामी रोध काढताना प्रत्येक रोधाचा व्यस्त घेऊन बेरीज करावी लागते. ४ ओहम आणि १२ ओहम असे दोन रोध समांतर जोडले, तर १/४ + १/१२ = ३/१२ + १/१२ = ४/१२ = १/३, म्हणून परिणामी रोध ३ ओहम. ज्याच्या मनात अजून ती जुनी सवय आहे तो २/१६ लिहितो आणि ८ ओहम उत्तर काढतो. समांतर जोडणीत धारेला जायला एकाऐवजी दोन वाटा मिळतात, म्हणून परिणामी रोध दोहोंतल्या लहान रोधापेक्षाही कमी असायला हवा. ८ हा ४ पेक्षा मोठा आहे, एवढे पाहिले तरी उत्तरपत्रिका देण्याआधी चूक सापडते. आणि ४/१२ पर्यंत बरोबर येऊनही पुष्कळ मुले तिथेच थांबून १/३ ओहम लिहितात. बेरीज व्यस्तांची झाली आहे, तेव्हा शेवटी १/३ उलटा करून ३ करायचा, ही पायरी वहीत वेगळ्या ओळीवर लिहून घ्यावी.